मी गाळलेली नावं

माझ्या नातसुनेने परवा विचारलं, "आजी, बायबलबाई म्हणजे नेमकं काम काय असायचं?"

"पायपीट," मी म्हटलं. ती हसली. पण उत्तर अगदी खरं होतं.

देवळाली प्रवराच्या आसपासची सहा गावं माझ्याकडे होती. मिशनने पगारावर नेमलेली मी बाई. प्रत्येक गावी आठवड्यातून एकदा जायचं, ख्रिस्ती वस्तीतल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, वचनं पाठ करून घ्यायची, एखादीला हौस असली तर अक्षरं शिकवायची. खांद्याला झोळी. तीत पुस्तक, चित्रांची गुंडाळी, पाटी आणि खरजेच्या मलमाची डबी. कित्येक घरांची दारं आधी मलमाला उघडली आणि शास्त्राला मागाहून, हे आता कबूल करायला हरकत नाही. बायका कुठे रिकाम्या बसतात? त्या ऊस खुरपत असत, मी बांधावर बसून मोठ्याने वाचत असे. त्या दळायला बसल्या की मी जात्याच्या घरघरीवर आवाज चढवत असे. माझा घसा अजून बसलेला आहे तो तेव्हापासून.

या नाताळ अंकासाठी संपादकांनी 'सेवेतले गोड अनुभव' मागितले आहेत. मी एक चोरी सांगणार आहे. ती गोड झाली, यात माझं कर्तृत्व काही नाही.

मी चोरत होते ती नावं. बायबलच्या जुन्या करारात जागोजाग वंशावळी आहेत. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी पानंच्या पानं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तर सुरुवातीचे नऊ अध्याय नावांचेच. जीभ अडखळते, बायका जांभया देतात, आणि उन्हात पुढचं गाव वाट बघत असतं. मी ती पानं सरळ उलटत असे. "मग पुष्कळ पिढ्या गेल्या," असं म्हणून मी एका दमात दाविदापाशी येऊन पोचत असे. मिशनच्या मडमबाईंना पाठवायच्या महिन्याच्या रिपोर्टात मात्र 'पुस्तक वाचून पूर्ण' असं ठणठणीत अक्षरात लिहीत असे.

ही चोरी पहिल्यांदा पकडली ती राहुरीच्या हमीदाबीने. पिंजाऱ्याची बायको. ख्रिस्ती व्हायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं, पण पैगंबरांच्या गोष्टी म्हणून ती मला आग्रहाने बसवून घेई आणि वर चहा पाजी. मी चार पानं एकदम उलटलेली तिने पाहिली.

"क्या बाई, नावं का सोडता?" ती म्हणाली. "आमच्यात पीरांच्या नावांचा शजरा वाचतात तर एक नाव गाळत नाहीत. एक गाळलं तर साखळी तुटली ना. मग ह्या टोकाची बरकत त्या टोकाला कशी येणार?"

मी हसून चहा प्यायले. शास्त्र शिकवणारी मी, हिच्याकडून कशाला शिकू, असा तेव्हा तोरा होता.

दुसरी होती मार्थाबाई. तिच्या गावाचं नाव सांगत नाही, तिची नातवंडं अजून तिथे आहेत. पन्नाशीची, विधवा, उसाच्या फडात राबून हाताला घट्टे पडलेली. संवत छपन्नच्या, म्हणजे इसवी १९०० च्या मोठ्या दुष्काळात चार वर्षांची असताना ती नगरच्या एका अनाथगृहात आली. तिथेच वाढली, तिथूनच एका ख्रिस्ती शेतमजुराशी तिचं लग्न झालं. बोलणं कमी. पण मी पानं उलटायला लागले की ती हमखास म्हणे, "बाई, तेवढी नावं वाचा की."

"त्यात काही नाही, मार्थाबाई. नुसती नावं आहेत."

"आसू द्या. नुसती नावंच वाचा."

"पुढच्या खेपेला," मी म्हणे. अशा पुढच्या खेपा किती झाल्या ते मला लिहवत नाही.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती त्या सुमाराची गोष्ट. मार्थाबाईची धाकटी मुलगी सुवार्ता, सातवी पास, गावच्या मिशनशाळेत लहान मुलांना शिकवत होती. बायबलबाईच्या कामात लग्नं जुळवणं कुठे लिहिलेलं नसे, पण सहा गावांच्या चुली माहीत असलेल्या बाईला ते चुकतही नसे. मी तिच्यासाठी नगरचं स्थळ आणलं. मुलगा प्रभाकर, तोही मास्तर. त्याचे वडील पौलसमास्तर तीस वर्षं उपदेशक. मुलामुलीने एकमेकांना शब्बाथ शाळेच्या मेळ्यात पाहिलं होतं. दोघांचं मन बसलेलं होतं, हे दोघंही माझ्यापासून लपवत होती आणि दोघांनाही ते लपवता येत नव्हतं.

पौलसमास्तर मुलगी बघायला आले. मुलगी पसंत पडली. गूळ-शेंगदाणे खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलीचं आजोळ कुठलं?"

मार्थाबाईने पदर सारखा केला. "माझ्या बापाचं नाव यरहा."

"गाव?"

"गाव ठावं न्हाई. पर त्यांचं नाव शास्त्रात हाय."

पौलसमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "यरहा? असं नाव माझ्या तरी वाचनात नाही."

माझ्याही नव्हतं. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी होतो. पण तेव्हा मला वाटलं, बिचारीला कोणीतरी काहीबाही सांगितलं असेल.

मास्तर काही वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. ते खाली बघून सावकाश बोलले. "बाई, बाबेलहून इस्राएल लोक परत आले तेव्हा काही याजकांना आपल्या घराण्याची नोंद दाखवता आली नाही. एज्राच्या पुस्तकात आहे. त्यांना बाजूला बसवलं. मी काही तसा कठोर नाही. पण माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी आमच्या भावकीतलं एकही माणूस आलं नाही. एका बाजूला मंडळी आणि आमच्या बाजूला रिकामी सतरंजी. वडील मरेपर्यंत ती सतरंजी विसरले नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नात मला ती पुन्हा बघवायची नाही. आजोळचं एक माणूस आणा. एकच. मुलीचा मामा म्हणून कोणीतरी उभा राहू दे. मग मी कशालाच नाही म्हणणार नाही."

ते गेल्यावर सुवार्ता घरातून बाहेर आली. डोळे सुजलेले. "आई, मला न्हाई करायचं हे लगीन," ती म्हणाली. "तुला खाली बघाया लावलं त्यांनी."

मार्थाबाई माझ्याकडे वळली. "बाई, म्हनून तर मी म्हनत हुते, नावं वाचा. माझं लगीन झालं तवा अनाथगृहातल्या मावशी म्हनल्या हुत्या, तुझ्या बापाचं नाव शास्त्रात हाय. मला वाचाया येत न्हाई. मी वाट बघत बसले, आज येईल, उद्या येईल."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतकी वर्षं ही बाई बापाच्या नावासाठी कान लावून बसली होती, आणि मी जांभयांच्या भीतीने तिचा बाप उलटून टाकत होते. एकदाही तिला 'का?' म्हणून विचारलं नव्हतं.

मी तिथेच ओट्यावर पुस्तक उघडलं आणि इतिहासाच्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचायला लागले. एकही नाव गाळलं नाही. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे यरहा सापडला. शेशान नावाच्या माणसाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याचा एक मिसरी गुलाम होता यरहा. शेशानाने आपली मुलगी त्या गुलामाला दिली. त्यांना अत्तय झाला, अत्तयाला नाथान, नाथानाला जाबाद, आणि वंश तसाच पुढे अलीशामापर्यंत गेला.

मार्थाबाईने बोटांवर पिढ्या मोजल्या. "बाई, ह्यो तर लई जुना."

"हजारो वर्षांपूर्वीचा."

"मंग माझा बाप कोन?"

त्याचं उत्तर आणायला मी नगरला गेले.

अनाथगृहाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे सारामावशी होत्या, ऐंशीच्या घरातल्या, डोळे अधू पण आठवण खणखणीत. त्यांनी मला दुष्काळाच्या सालाचं रजिस्टर काढून दिलं. पानावर एका दिवसात आलेली चौदा मुलं. पहिली ओळ, मार्था, बाप यरहा. दुसऱ्या मुलाचा बाप अत्तय. तिसऱ्याचा नाथान. चौथ्याचा जाबाद. मी बोट खाली नेत गेले. सबंध रकाना शास्त्रातून जसाच्या तसा उतरवलेला होता, थेट अलीशामापर्यंत.

"मावशी, हे काय?"

"दोन बैलगाड्यांतून आली ती चौदा," सारामावशी म्हणाल्या. "रस्त्यावरून गोळा केलेली. सगळ्यात मोठं लेकरू सहा वर्षांचं. एकालाही बापाचं नाव सांगता येईना. आई म्हणायची आणि बाबा म्हणायचे, एवढंच ठाऊक. साहेब म्हणाले, रकान्यात 'अज्ञात' लिहा. आमचे मुन्शी म्हणाले, साहेब, हा एक शब्द या लेकरांना जन्मभर पुरेल. मग त्यांनी शास्त्र उघडलं, जागा शोधली आणि ओळीने लिहीत गेले."

"पण हीच जागा का?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, या यरहाचा बाप कोण ते शास्त्रालासुद्धा ठाऊक नाही. तरी देवाने त्याच्यापासून वंश चालवला आणि नावानिशी लिहून ठेवला. तिथून चालतो तर इथूनही चालेल."

ते मुन्शी केव्हाच वारले होते. आणि त्यांची ही युक्ती पंचेचाळीस वर्षं उघडकीला आली नाही, कारण जिल्ह्यातल्या आम्हा सगळ्या उपदेशकांनी आणि बायबलबायांनी ती पानं न चुकता उलटली होती.

अनाथगृहाच्या बाकावर बसल्या बसल्या मला हमीदाबी आठवली. मी समजत होते की वंशावळ म्हणजे मोठ्या घराण्यांनी मिरवायची पगडी. यहुदी लोकांची गोष्ट निराळी होती. देशोधडीला लागून पिढ्या परमुलखात काढलेली ती माणसं. परत आली तेव्हा कोणती जमीन कोणाची, वेदीपाशी कोणी उभं राहायचं, देवाने अब्राहामाला दिलेलं वचन कोणाच्या घरातून पुढे चाललंय, हे सांगायला त्यांच्यापाशी नावांशिवाय काय उरलं होतं? म्हणून एकेक नाव जपून लिहिलं. त्यात गुलाम आला, परकी सून आली, तरी खोडलं नाही. देवाच्या माणसांत मोजलं जाणं म्हणजे काय, ते त्या मुन्शींना कळलं होतं. मला पगार घेऊनही कळलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मनात पाप आलं, तेही सांगते. मार्थाबाईसाठी एखादं गाव आणि एखादं आडनाव रचून सांगावं. कोण बघायला येणार होतं? रिपोर्टात खोटं लिहायची मला सवय होतीच. पण तिच्या दारात पोचले आणि तिने विचारलं, "घावला का बाप?" तेव्हा खोटं ओठावर येईना. मी सगळं सांगून टाकलं.

ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजू दिली, आणि मग म्हणाली, "म्हंजी माझा बाप मुन्शीनं लिव्हला."

"होय."

"दया आली म्हनून."

"होय, मार्थाबाई."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. मीही रडले. अशा वेळी धीर देणं हे आमच्या कामात धरलेलं असतं, पण मला काही ते जमलं नाही. तव्यावरची भाकरी उतरवून तिने विचारलं, "बाकीची तेरा कोन हुती?"

मी नावं उतरवून आणली होती. कागद काढला.

"वाचा. आता एक बी सोडू नका."

मी वाचली. नऊ नावांपुढे समासात फुली होती. ती पहिल्याच वर्षी पटकीत आणि तापात देवाघरी गेली होती. एक मुलगा पुढे पळून गेला, त्याचा पत्ता नाही. राहिली तिघं.

"ही माझ्या म्हायारची," मार्थाबाई म्हणाली. "हुडका, बाई."

मी ठिकठिकाणच्या पाळकांना पत्रं टाकली. माझ्या सबंध नोकरीतलं सगळ्यात मन लावून केलेलं काम तेच असेल, आणि ते रिपोर्टात कुठे बसत नव्हतं. रिबका एका दवाखान्यात आया होती. पत्र पोचताच तिने रजा टाकली. लाजर गवंडी बांधकामावर सापडला. पौलसमास्तरांना मी पोरकट वाटले असते, पण कागदाप्रमाणे मार्थाबाई त्याची अकरा पिढ्या वरची आत्या लागत होती. हे त्याला सांगितल्यावर तो इतका हसला की परांचीवरून पडायचा राहिला.

अवघड होता तो थोमा सुतार. श्रीगोंद्याकडे काष्टीच्या बाजाराच्या कडेला बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करी. मी बोलले तरी त्याचा हात थांबेना.

"मला बहीन न्हाई," तो म्हणाला. "मला कोन बी न्हाई. आता म्हातारपनी कशाला उकरता?"

"तुमच्या गाडीतून आलेली आहे, थोमाभाऊ. एकाच दिवशी."

त्याने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. 

"त्या गाडीचा एक बैल ढवळा हुता," तो म्हणाला. "मला यवढंच ध्यानात हाय. बाकी काय म्हंजी काय न्हाई. तिला इचारा, तिला ढवळा ध्यानात हाय का."

"तुम्हीच येऊन विचारा," मी म्हटलं.

साखरपुड्याचा दिवस ठरला. मार्थाबाईच्या अंगणात मुलाकडची पंधरा-वीस माणसं आली. समोर तिघंच बसलेली: रिबका पांढऱ्या लुगड्यात, लाजर, आणि सगळ्यांच्या शेवटी, टोपी मांडीवर घेऊन थोमा. तो सकाळीच आला होता. मार्थाबाईला ढवळा बैल आठवत नव्हता. तिने तसं सांगितलं, आणि म्हणाली, "तुमाला ध्यानात हाय तर मला बी हाय म्हना." तेव्हापासून तो तिच्या चुलीपाशी सरपण फोडत बसला होता.

मी पौलसमास्तरांना सगळं आधीच सांगितलं होतं. झाकून काही करायचं नाही, असं मार्थाबाईने बजावलं होतं. मास्तर चौघांकडे बघत राहिले. मागून त्यांच्या चुलत्याने विचारलं, "पण रक्ताची का?"

 सुवार्ता दाराआड उभी होती. तिची बोटं चौकटीवर घट्ट आवळलेली मला दिसत होती. मला वाटलं, संपलं सगळं.

मार्थाबाई उठून उभी राहिली. चार पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. "मास्तर, यरहाचा बाप कोन हुता, त्ये शास्त्रात लिव्हलंय का?"

मास्तरांनी झोळीतून आपलं पुस्तक काढलं, चष्मा लावला, पान शोधलं. मनाशी वाचत राहिले. मग घसा साफ करून त्यांनी ती नावं मोठ्याने वाचायला घेतली, उपासनेत वाचतात तशी, सावकाश.

"यरहा."

"हाय," मार्थाबाई म्हणाली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं. "अत्तय."

अत्तयाचा मुलगा पहिल्याच वर्षी गेलेला. कोणी बोललं नाही. मास्तर थांबले. मार्थाबाई म्हणाली, "हाय. म्होरं वाचा."

"नाथान."

थोमा टोपी हातात घेऊन उभा राहिला. "हाय जी."

"जाबाद."

"हाय," मार्थाबाई म्हणाली.

"एफलाल." "हाय." "ओबेद." आणि रिबका उठून रडत रडत हाय म्हणाली. अशी एकेक नावं होत गेली. जी जिवंत होती ती आपापल्या नावाला उठली. जी नव्हती त्यांची हाक मार्थाबाईने घेतली, एकाही नावाला न चुकता, पळून गेलेल्या त्या मुलाचीसुद्धा. शेवटी शेवटी मास्तरांचा आवाज इतका चिरकला की शल्लूम हे नाव लाजरला धड ऐकूच आलं नाही, थोमाने त्याला कोपराने ढोसलं.

"अलीशामा."

"हाय," मार्थाबाई म्हणाली.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून उपरण्याने डोळे पुसले आणि साखरेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे वळले.

"आधी मुलीच्या मामांना द्या," ते म्हणाले.